स्कोपच्या पोटातला आवाज

२ जून, सोमवार

नवा डिजिटल स्कोप आज बाकावर चढला. चार चॅनेल, २०० मेगाहर्ट्झ, बारा बिट. ट्रेनी मुलगी प्रोब हातात घेऊन तयारच होती. तिला म्हटलं, आज त्याला काहीही दाखवायचं नाही. चारही इनपुटवर ५० ओहमच्या टर्मिनेटरच्या टोप्या चढवल्या, अर्धा तास तापू दिला, सेल्फ-कॅलिब्रेशन चालवलं आणि मग आम्ही दोघी नुसती रिकामी रेघ बघत बसलो.

कंपन मोजणाऱ्या सेन्सरसाठी आम्ही प्रीॲम्प्लिफायर बनवतो. त्यांच्या आउटपुटवर किती नॉइज आहे, याचा आकडा एका गिऱ्हाइकानं या खेपेला लेखी मागितला आहे. मागणी अगदी रास्त आहे. पण तो आकडा ज्या यंत्रावर काढायचा, त्याच्या स्वतःच्या पोटात किती आवाज आहे हे कळल्याशिवाय मी कागदावर सही करणार नाही.

१ मिलिव्होल्ट प्रति डिव्हिजन, डीसी कपलिंग, पूर्ण बँडविड्थ. या रेंजवर कुठल्याही स्कोपची रेघ जाड पट्ट्यासारखी दिसते. मोजमापाच्या यादीतून एसी आरएमएस निवडलं. साधं आरएमएस घेतलं तर रेघ शून्यापासून जी थोडी सरकलेली असते ते अंतरही आकड्यात मिसळतं, आणि ते नॉइज नव्हे. आकडा ७० मायक्रोव्होल्टच्या आसपास स्थिरावला.

तिनं मात्र पीक-टू-पीक लावलं होतं. "मॅडम, हा साडेचारशेवरून सहाशेच्या पुढे गेला. वाढतोच आहे."

वाढणारच. या नॉइजला कड नसते. जितकी जास्त वेळ बघाल तितका एखादा दुर्मिळ उंच टोकाचा सॅम्पल सापडण्याची शक्यता जास्त. हजार सॅम्पल घेतले तर पीक-टू-पीक हे आरएमएसच्या साधारण साडेसहा पट येतं, दहा लाख घेतले तर पावणेदहा पटीच्या घरात. यंत्र तेच, नॉइज तोच, आकडा दीडपट. किती सॅम्पलवर मोजलं हे न सांगता पीक-टू-पीक छापणाऱ्या जाहिरातींवर माझा विश्वास नाही. आपल्या कागदावर आरएमएसच जाईल.

३ जून, मंगळवार

आज रेंज. १ मिलिव्होल्टपासून वर एकेक पायरी चढत गेलो आणि प्रत्येक ठिकाणी टोपी लावलेल्या इनपुटचा आरएमएस लिहीत गेलो. खालच्या तीन-चार रेंजवर नॉइज जवळजवळ सारखाच राहतो. तो पुढच्या ॲम्प्लिफायरचाच असतो, त्याला रेंजशी देणंघेणं नसतं. मग वर चढताना एका जागी आतून रिलेचा 'टक' आवाज येतो आणि नॉइज एकदम उडी मारतो. रिले पडला की सिग्नल आधी विभागला जातो आणि मग ॲम्प्लिफायरकडे जातो. म्हणजे ॲम्प्लिफायरचा नॉइज इनपुटच्या मापात वाचताना तितक्या पटीनं मोठा दिसतो. हा 'टक' कोणत्या रेंजवर पडतो ते प्रत्येकानं आपापल्या स्कोपवर कान देऊन ऐकावं. मोजायचा सिग्नल सीमेवर असेल तर रिलेच्या अलीकडे राहणं केव्हाही चांगलं, रेघ पडदाभर झाली तरी.

खोक्यावरच्या 'बारा बिट'चं काय होतं तेही आज मुलीकडून करून घेतलं. आठ डिव्हिजन गुणिले १ मिलिव्होल्ट म्हणजे ८ मिलिव्होल्टचा पल्ला. बारा बिट म्हणजे ४०९६ पायऱ्या, म्हणजे पायरी दोन मायक्रोव्होल्टची. पण नॉइज ७० मायक्रोव्होल्टचा! आदर्श क्वांटायझरचा स्वतःचा नॉइज पायरीला १२ च्या वर्गमुळानं भागलं की येतो. उलट गणित केलं तर ७० मायक्रोव्होल्ट नॉइज म्हणजे जणू २४२ मायक्रोव्होल्टची पायरी. पल्ल्यात अशा ३३ पायऱ्या बसतात. पाच बिट.

ती गप्प झाली. बारा बिटांचे पैसे मोजून पाच? तर तसं नाही. १०० मिलिव्होल्टच्या रेंजवर आमचा नॉइज अर्ध्या मिलिव्होल्टच्या जवळ आला. तिथे हेच गणित जेमतेम नऊ बिट देतं, आणि आठ बिटांचा स्कोप तिथे कधीच पोचू शकत नाही. प्रत्येक रेंजचे खरे बिट वेगळे असतात, एवढंच. कन्व्हर्टरचे बिट विकत घेता येतात. पुढच्या ॲम्प्लिफायरचा नॉइज ज्यानं डिझाइन केला त्याच्यावर अवलंबून असतो.

६ जून, शुक्रवार

७० मायक्रोव्होल्ट हा आकडा बँडविड्थशिवाय अर्धवट आहे. २०० मेगाहर्ट्झच्या वर्गमुळानं भागलं की साधारण ५ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ येतात. खरी घनता ती. दोन वेगळे स्कोप तोलायचे तर या मापात तोलावेत, नाहीतर कमी बँडविड्थचा स्कोप फुकटात शांत ठरतो.

२० मेगाहर्ट्झची मर्यादा लावून पडताळलं. भिंतीसारखा उभा उतार असलेली गाळणी असती तर २२ मायक्रोव्होल्ट यायला हवे होते. एका आरसीची साधी गाळणी असती तर नॉइजच्या दृष्टीनं तिची रुंदी पाय भागिले दोन पट, म्हणजे ३१ मेगाहर्ट्झच्या वर, आणि आकडा २८. आम्हाला २५ मिळाले. मधलं उत्तर. म्हणजे गाळणी साध्या आरसीपेक्षा थोडी बरी आहे. स्कोप न उघडता त्याच्या आतल्या गाळणीबद्दल इतकं कळतं, याचा मला दरवेळी आनंद होतो.

दुपारी टोपी काढून इनपुट उघडं ठेवलं. एकूण आकडा ७० चा ७२ झाला, पडद्यावर फरक कळतही नाही. पण कुठे वाढला ते बघण्यासारखं आहे. उघडं इनपुट म्हणजे १ मेगाओहमचा रोध आणि त्याला समांतर १५ पिकोफॅरड. कुठलाही रोध, नुसता टेबलावर पडलेला असला तरी, तापमानामुळे नॉइज देतो. बेल लॅब्जमध्ये जॉन बी. जॉन्सननं तो मोजला आणि तिथल्याच हॅरी नायक्विस्टनं त्याचं सूत्र मांडलं. दोघांचे लेख १९२८ साली एकापाठोपाठ छापून आले. दोघंही मूळचे स्वीडनचे. खोलीच्या तापमानाला ५० ओहमला ०.९ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ, १ मेगाओहमला १२९.

मग १ मेगाओहमनं स्कोपचा आवाज पंचवीसपट का नाही वाढला? कारण ते १५ पिकोफॅरड. १०.६ किलोहर्ट्झच्या वर ते रोधाचा नॉइज स्वतःच जमिनीत घालवतात. एकूण मिळतो फक्त साडेसोळा मायक्रोव्होल्ट, आणि गंमत अशी की या आकड्यात रोधाची किंमत येतच नाही. फक्त तापमान आणि कपॅसिटर. ७० आणि साडेसोळा यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं तर बरोबर ७२. मुलीनं ते स्वतः करून पाहिलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू निसर्गानं तिच्या वहीवर बरोबरची खूण केली.

जॉन्सननं याच कुजबुजीतून बोल्ट्झमानच्या स्थिरांकाची किंमत काढली होती. २० मे २०१९ पासून तो स्थिरांक व्याख्येनंच ठरवून टाकला आहे, आणि त्याआधीच्या अचूक मोजणीत रोधाच्या नॉइजवर चालणारा थर्मामीटरही होता. म्हणजे आपण जे 'नको' म्हणून मोजतो आहोत त्यावर कुणीतरी तापमान मोजतं.

९ जून, सोमवार

आरएमएस हा एकच आकडा. त्यात काय काय दडलंय ते कळायला स्पेक्ट्रम हवा. स्कोपमधलं एफएफटी झटपट बघायला ठीक, पण मला कच्चा डेटा लॅपटॉपवर उतरवून पायथॉनमध्ये काम करणं जास्त भरवशाचं वाटतं. विंडो कोणती, किती बिंदू, सरासरी कशाची, हे सगळं आपल्या हातात राहतं. विंडोंचा सगळा हिशोब फ्रेडरिक हॅरिस यांनी १९७८ च्या लेखात मांडून ठेवला आहे. आम्ही हॅन घेतली. तिची नॉइजसाठीची रुंदी दीड खाना असते, हे लक्षात ठेवून भागायचं.

सेकंदाला १०० कोटी सॅम्पल, रेकॉर्ड १० लाखांचं. खाना १ किलोहर्ट्झचा. नॉइजचा तळ उणे १३४ डीबीव्हीवर. मग रेकॉर्ड एक कोटीचं केलं. खाना १०० हर्ट्झचा झाला आणि तळ उणे १४४ वर उतरला.

"मॅडम, स्कोप शांत झाला?"

स्कोप तसाच आहे. आपण खाना बारीक केला, म्हणून प्रत्येक खान्यात कमी नॉइज पडला. पण त्या पडद्यावर काही उभ्या रेघा होत्या, त्या जिथल्या तिथे, त्याच उंचीच्या राहिल्या. तळ खाली गेला आणि रेघा उघड्या पडल्या. नॉइज आणि स्पर यांच्यातला फरक ओळखायची याहून सोपी कसोटी मला माहीत नाही. रेकॉर्ड लांबवा. जे खाली जातं ते नॉइज, जे उभं राहतं ते स्पर. एकेका वारंवारतेवर ठाण मांडून बसलेला परका सिग्नल.

सरासरी काढायची ती स्पेक्ट्रमच्या शक्तीची. त्यानं तळ खाली जात नाही, फक्त त्याची थरथर कमी होते आणि बुटक्या रेघाही दिसू लागतात. लाटांचीच सरासरी काढली तर ट्रिगरशी न जुळणारं सगळंच मिटतं, आणि आपल्याला हवे ते गुन्हेगारही त्यातच निसटतात.

रेघांची यादी सुरू केली. २५० मेगाहर्ट्झवर एक ठसठशीत. ६५ किलोहर्ट्झवर एक, तिच्यामागे १३०, १९५. १.२ मेगाहर्ट्झवर एक कुटुंब. बारीकसारीक आणखी.

१० जून, मंगळवार

आज वटपौर्णिमा. वाइंडिंगच्या बायका वडाची पूजा करून उशिरा येणार होत्या, त्यामुळे सकाळी शेड निवांत होती. २५० ची रेघ हातात घेतली.

पहिली शंका तिच्या जागेवरूनच येते. स्कोपची बँडविड्थ २००. त्याच्या वर जे बाहेरून येईल ते पुढच्या ॲम्प्लिफायरमध्ये बारीक व्हायला हवं. ही बारीक नाही. शिवाय २५० म्हणजे सॅम्पलदराचा बरोबर चौथा हिस्सा. तेव्हा ही गाळणीच्या पलीकडे, कन्व्हर्टरपाशी जन्मलेली.

आतमध्ये चार कन्व्हर्टर आळीपाळीनं सॅम्पल घेतात : पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, पुन्हा पहिला. १९८० साली ब्लॅक आणि हॉजेस यांनी अशी रांग एका चिपवर उभी करून दाखवली. पुढे वेगवान डिजिटल स्कोपमध्ये हा मार्ग रुळला. पण चौघांचं शून्य तंतोतंत एक नसतं. एकाचं शून्य काही मायक्रोव्होल्टांनी वर असेल तर दर चौथा सॅम्पल तितका वर, आणि तीच २५० ची रेघ. तिची उंची उणे ११० डीबीव्ही, म्हणजे ३ मायक्रोव्होल्ट. पडद्यावरच्या ७० मायक्रोव्होल्टच्या पट्ट्यात ती डोळ्यांना जन्मात दिसली नसती.

पुरावा म्हणून चारही चॅनेल चालू केले. आता प्रत्येकाला एकच कन्व्हर्टर मिळतो, आळीपाळी संपली. रेघ गेली. आरएमएस मात्र ७० चाच राहिला, आणि हे मुलीनं माझ्या आधी पाहिलं. सॅम्पलदर चौथाई झाला तरी तेवढाच नॉइज आता १२५ मेगाहर्ट्झच्या आतल्या जागेत घडी घालून बसतो, म्हणून घनता वाढते. सॅम्पल हळू घेतल्यानं स्कोप शांत होत नाही. त्यासाठी कन्व्हर्टरच्या आधी गाळणी लागते.

मग जनरेटरवरून ६० मेगाहर्ट्झ दिले आणि परत एकाच चॅनेलवर आलो. १९०, ३१० आणि ४४० वर तीन सावल्या उमटल्या. चौघांची पट आणि सॅम्पल घेण्याची वेळ यांत किंचित फरक असतो, त्यातून या होतात. जनरेटर ६१ वर नेला. १९० ची सावली १८९ वर आली. उलट्या दिशेला! ३१० ची ३११ झाली. खरा हार्मोनिक असता तर तो सिग्नलच्याच दिशेनं, दुप्पट किंवा तिप्पट सरकला असता. उलटं सरकणारी रेघ बाहेरच्या जगात नाहीच. मुलीनं जनरेटरची चकती मागेपुढे फिरवून त्या रेघांना पळवत ठेवलं, जेवायची सुट्टी होईपर्यंत. मी थांबवलं नाही. हे पाठांतरानं येत नाही.

१२ जून, गुरुवार

भोसरी एमआयडीसीची सुट्टी, देखभालीसाठी वीजही बंद. मुद्दाम आलो. असा दिवस विकत मिळत नाही.

हा स्कोप १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतो. आज तो सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीवर लावला, लॅपटॉप त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर. शेजारचा वेल्डिंगचा सेट गप्प, पलीकडच्या सीएनसी गप्प, डोक्यावरच्या ट्यूब बंद. ५० हर्ट्झ जवळजवळ नाहीसे. ६५ किलोहर्ट्झ आणि त्याची पिल्लावळ पूर्ण गेली. १.२ मेगाहर्ट्झचं कुटुंब जागच्या जागी. म्हणजे ते स्कोपच्या आतल्याच डीसी-डीसी कन्व्हर्टरचं असणार. २५० तर आहेच.

चारच्या सुमाराला वीज आली. स्कोप बॅटरीवरच ठेवला. अडॅप्टर भिंतीत लावून स्कोपच्या शेजारी नुसता ठेवला तर ६५ ची रेघ जेमतेम डोकं वर काढते. त्याची पिन स्कोपला जोडली की पूर्ण उंची. म्हणजे हवेतून नाही, तारेतून येते. अशा अडॅप्टरमध्ये मेन्सच्या बाजूकडून आउटपुटच्या बाजूकडे एक छोटा कपॅसिटर टाकलेला असतो. स्विचिंगचा प्रवाह त्यातून निसटून स्कोपच्या ग्राउंडवरून, बीएनसीच्या कवचावरून वाट काढत जातो आणि जाता जाता इनपुटवर आपली खूण सोडतो. केबलवर फेराइटचा चिमटा लावून दोन वेढे दिले, रेघ बरीच खाली बसली. तरी पूर्ण नाही.

आणि गिऱ्हाइकाचा पट्टा १० हर्ट्झ ते १०० किलोहर्ट्झ आहे. ६५ नेमकी त्यात पडते. हे कळलं नसतं तर आमच्या अडॅप्टरचा दोष आम्ही आमच्याच प्रीॲम्प्लिफायरच्या नावावर लिहिला असता. मोजणी बॅटरीवरच होणार. ठरलं.

१३ जून, शुक्रवार

प्रोब. थोडक्यात : एकास दहाचा प्रोब लावला की सिग्नल दहाव्या हिश्शावर येतो, स्कोपचा नॉइज तेवढाच राहतो, म्हणून टोकाशी वाचला तर ७० चे ७०० मायक्रोव्होल्ट. बारीक सिग्नलसाठी तो प्रोब खुंटीवर. सरळ कोॲक्स केबल.

प्रोबच्या ग्राउंडची ती लांब तार आणि मगरचिमटा मुलीला खटकत होता. चिमटा टोकालाच लावायला सांगितला. इनपुट शॉर्ट, सिग्नल शून्य. तरी स्पेक्ट्रममध्ये ७९२ किलोहर्ट्झवर रेघ, आणि तिच्या दोन्ही अंगांना काही किलोहर्ट्झपर्यंत हलणारी गर्दी. तारेचं वेटोळं फिरवलं की रेघ चढते-उतरते. एका दिशेला जवळजवळ मावळते. तिनं फोनवर शोधण्याआधीच वाइंडिंगच्या टेबलावरचे काका म्हणाले, "अगं, ते पुणे केंद्र आहे." आकाशवाणी पुणे. दोन अंगांची ती गर्दी म्हणजे निवेदिकेचा आवाज. प्रोबची तार म्हणजे रेडिओचा फ्रेम एरियल झाली होती, अगदी शास्त्राप्रमाणे.

काकांनी आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केले आहेत. स्पेक्ट्रम बघायला ते उठून आले आणि बराच वेळ उभे राहिले.

१६ जून, सोमवार

रविवारी कार्ल जान्स्कीबद्दल वाचत बसले. आमच्या या सगळ्या आठवड्याचा मूळपुरुष तोच, असं मला वाटतं. बेल लॅब्जमध्येच होता, हॅराल्ड फ्रिस यांच्या हाताखाली. समुद्रापलीकडच्या टेलिफोनमध्ये खरखर कुठून येते ते शोधायचं काम त्याच्याकडे होतं. न्यू जर्सीत होल्मडेलला फोर्डच्या मॉडेल टीच्या चाकांवर फिरणारा एरियल त्यानं बांधला, २०.५ मेगाहर्ट्झचा. खरखरीचे तीन गट पाडले : जवळची वादळं, लांबची वादळं, आणि एक सतत येणारी बारीक फुसफुस, जिचा ठाव लागेना. ही फुसफुस दिवसात कधी वाढते ते नोंदत गेला. ती सूर्याबरोबर फिरत नव्हती. तिची फेरी २३ तास ५६ मिनिटांची होती, म्हणजे ताऱ्यांबरोबरची. १९३३ साली त्यानं जाहीर केलं की हा आवाज आकाशगंगेतून येतो, धनू राशीच्या दिशेनं सर्वात जोरात.

पद्धत एकच. आवाज ऐकून तो कोणाचा हे कळत नाही. काहीतरी बदलायचं आणि तो कशाबरोबर हलतो ते बघायचं. रेकॉर्ड लांबवल्यावर, चॅनेल वाढवल्यावर, बॅटरीवर गेल्यावर, वेटोळं फिरवल्यावर. जान्स्कीनं एरियल फिरवला आणि पृथ्वीला फिरू दिलं.

भोसरीहून याच नाशिक रस्त्यानं पुढे नारायणगाव, आणि तिथून खोडद. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. तिथल्या लोकांना रोज हेच करावं लागतं : विजेच्या तारा, मोबाइल, प्रसारण हे सगळं माणसांचं वेगळं काढायचं आणि उरलेल्यात आकाश शोधायचं. मुलीला म्हटलं, विज्ञान दिनाला तिथे सगळ्यांना आत सोडतात, एकदा बघून ये. ती म्हणाली, "तुम्ही येणार असाल तर." जायला हवं.

१८ जून, बुधवार

जुना आठ बिटांचा स्कोप काढला, तुलना म्हणून. १०० मिलिव्होल्टच्या रेंजवर त्याची रेघ एकदम सपाट. आरएमएस शून्य. मुलगी म्हणाली, हा तर नव्यापेक्षा शांत आहे.

८०० मिलिव्होल्ट भागिले २५६ म्हणजे पायरी तीन मिलिव्होल्टच्या वर. नॉइज पायरीपेक्षा बराच लहान असेल आणि रेघ पायरीच्या मध्यावर असेल तर कन्व्हर्टर एकच आकडा पुन्हा पुन्हा सांगत राहतो. आत नॉइज आहेच, फक्त त्याला तो दिसत नाही. ऑफसेटची चकती अगदी किंचित फिरवून रेघ दोन पायऱ्यांच्या उंबरठ्यावर आणली, तर लगेच वरखाली उड्या सुरू. पायरीचा नॉइज सगळीकडे सारखा पसरलेला मानायचा, हे गणित डब्ल्यू. आर. बेनेट यांनी १९४८ साली मांडलं. सिग्नल अनेक पायऱ्या ओलांडत असेल तर ते उत्तम चालतं. एकाच पायरीत अडकलेल्या सिग्नलला ते लागू पडत नाही. तिथे चूक नॉइजसारखी पसरत नाही, हार्मोनिक होऊन रेघांच्या रूपानं उभी राहते. म्हणून थोडा नॉइज असणं बरं. त्याच्यामुळेच सरासरी काढून पायरीच्या आतलं वाचता येतं.

त्याच स्कोपच्या १ मिलिव्होल्ट रेंजचा कच्चा डेटा पाहिला. येणाऱ्या किमती ३१ मायक्रोव्होल्टच्या अंतरानं यायला हव्यात. दुप्पट अंतरानं येतात. म्हणजे ती रेंज खरी नाही, २ मिलिव्होल्टचंच चित्र मोठं करून दाखवलेलं. वापरायला हरकत नाही, माहीत असलं म्हणजे झालं.

२० जून, शुक्रवार

पालख्या आज पुण्यात. रस्ते बंद म्हणून निम्मे लोक आले नाहीत. मी पहाटेच निघाले होते. शांततेत खरी मोजणी झाली.

प्रीॲम्प्लिफायरचा इनपुट शॉर्ट, आउटपुट सरळ स्कोपला, २० मेगाहर्ट्झची मर्यादा. स्कोप एकटा २५.०, दोन्ही मिळून २६.७. वर्गांची वजाबाकी करून साधारण ९.४ मायक्रोव्होल्ट येतात. पण स्कोपचा २५.० हा खरा २४.५ असेल तर उत्तर १०.६, आणि २५.२५ असेल तर ८.७. एकदोन टक्क्यांच्या डळमळीनं उत्तर एवढं हलतं. दोन जवळजवळ सारख्या आकड्यांच्या वजाबाकीवर मी सही करत नाही.

म्हणून मधे शंभरपट ॲम्प्लिफायर आणि १०० किलोहर्ट्झची गाळणी. बॅटऱ्यांसकट सगळं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, झाकण घट्ट. आता साडेनऊचे साडेनऊशे झाले, स्कोपचे पूर्ण बँडविड्थचे ७० त्यात मिसळले तरी चूक हजारात तीन. मधल्या ॲम्प्लिफायरचा स्वतःचा नॉइज त्याचं इनपुट शॉर्ट करून आधीच मोजला होता. आमच्या आकड्याच्या दहावा हिस्सा. फ्रिस यांनी १९४४ साली सांगितलं तेच : रांगेतला पहिला शांत आणि त्याची पट मोठी असेल तर मागच्यांचा आवाज हिशोबात राहत नाही.

लिनियर टेक्नॉलॉजीचे जिम विल्यम्स यांनी २००९ साली एका व्होल्टेज रेफरन्सचा ७७५ नॅनोव्होल्ट नॉइज मोजण्यावर आख्खी टिपणी लिहिली, ०.१ ते १० हर्ट्झच्या पट्ट्यात. त्यातली बरीच पानं मोजणाऱ्या ॲम्प्लिफायरवरच खर्च झाली आहेत. कॉलेजातून आलेल्या प्रत्येक मुलाला ती टिपणी वाचायला देते.

९.५ मायक्रोव्होल्ट. स्पेक्ट्रममधल्या १० हर्ट्झ ते १०० किलोहर्ट्झच्या खान्यांची बेरीज केली तरी दुसऱ्या दशांशापर्यंत फरक नाही. ६५ ची रेघ नाही.

२३ जून, सोमवार

कागद मुलीनं तयार केला, मी फक्त वाचला. नॉइज ९.५ मायक्रोव्होल्ट आरएमएस. पट्टा १० हर्ट्झ ते १०० किलोहर्ट्झ. इनपुट शॉर्ट. तापमान. पुरवठा बॅटरीचा. मोजणी-साखळीचा स्वतःचा नॉइज किती, तो वेगळ्या ओळीत. सापडलेले स्पर वेगळ्या तक्त्यात, वारंवारता, उंची आणि कुठून येतात ते. एकटा आरएमएस दिला तर मोठी रेघही त्यात बुडून जाते, म्हणून तक्ता वेगळा. हे तिला मी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या इंजिनिअरचा फोन आला. मला वाटलं एकच आकडा मागतील. त्यांनी आधी विचारलं, अडॅप्टर कोणता वापरत होता? त्यांच्याकडेही ६५ किलोहर्ट्झची रेघ आहे आणि ती आमच्याच प्रीॲम्प्लिफायरची असं तिथे धरलं गेलं आहे. बॅटरीवर चालवून पाहा, म्हटलं, आणि इनपुटवर टोपी लावून एक कोटी सॅम्पलचं रेकॉर्ड पाठवा, त्यावरून बोलू. उद्या पाठवतो म्हणाले. मुलीनं त्यांच्यासाठी आमच्या पायथॉनच्या फाइलमध्ये सूचना मराठीत लिहून ठेवल्या आहेत.